विळा घरी ठेवून चालायचं

"आजी, तुमच्या हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली आहे," डॉक्टर म्हणाले. मी आधी लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. तो खाली पाहत होता. तेव्हा मले कळलं, हे गॅसचं दुखणं नव्हे. मी बसली होती आपली सहा महिने, छातीत दुखलं की ओवा चावत.

मग अँजिओग्राफी झाली. म्हणजे मनगटातून बारीक तार घालून हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढतात. फार दुखत नाही. माझे दात वाजत होते, थंडीनं की भेवानं, कोण जाणे. त्याच वेळी स्टेंट घातला. जाळीची छोटी नळी असते ती, आतून आधार देते.

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "रोज सपाट जागी चाला. चढ नाही, ओझं नाही. छाती आवळली तर बसा, गोळी जिभेखाली ठेवा."

आमच्या गावात सपाट जागा एकच. नदीच्या काठानं जुन्या कॅनॉलची वाट आहे, तिच्या फाटकापर्यंत जायचं अन् परत यायचं. लेकरू बी चालेल. पण मले वाटे, हृदय वाटेतच बंद पडलं तर? चार पावलं झाली की हात छातीवर.

दुसरं भेव सांगायले लाज वाटते. ते लोकांचं. आमच्याकडं बाई रिकाम्या हातानं वाटेनं जात नाही. म्हणून मी विळा अन् पोतं घेऊन निघायची. पाच दिवस पोतं रिकामंच परत आणलं. सहाव्या दिवशी वाटलं, आता लोक हसतील. गवत कापलं, भरलं, डोक्यावर घेतलं.

फाटकापासून पन्नास पावलं झाली नसतील, छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. पोतं पडलं. दगडावर बसली. गोळी पदराच्या गाठीत, अन् गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली अन् गोळी जिभेखाली ठेवली.

धाकटी जाऊ धुणं घेऊन येत होती. "काऊन बसल्या बाई इथं? अन् गवत कोणाले? बकरी तर मागच्या साली विकली ना तुम्ही."

"फिरायले आली होती," मी म्हटलं.

"विळा घेऊन?" ती हसणार होती. माझं तोंड पाहिलं अन् धुणं तिथंच ठेवून माझा हात धरला.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागद. डॉक्टरांनी तो कागद वरून खालपर्यंत पाहिला.

"स्टेंट ठीक आहे," ते म्हणाले. "ओझं कशाला उचललं?" मी सारं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, मी चिठ्ठीत विळा लिहिला होता का?"

बायांनो, छाती दुखली तर गॅस म्हणून बसू नका. गोळी गाठीत बांधू नका, डबीत ठेवा.

भेव गेलं नाही. फाटक दिसलं की अजून पाय जड होतात. कोणी विचारते, "कुठं चालल्या?" माझं उत्तर, "कुठंच नाही." विळा घरी खुंटीले आहे. माझा एक हात अजून छातीवर जाते. दुसरा जाऊच्या हातात असते.