सलीमभाईचा आवाज आणि फॉर्ममधला शेवटचा प्रश्न

आज अमरावतीत एका विद्यार्थिनीच्या संशोधनाचं प्रदर्शन पाहिलं. विषय, बदलतं संग्रहालय. आता म्हणे संग्रहालयं गप्प बसत नाहीत. म्हणजे माझ्यासारखीच झाली.

जुने आवाज ऐकवणाऱ्या एका हेडफोनमध्ये अकोल्याच्या जुन्या शहरातला सलीमभाई सापडला. ऑटोवर भोंगा लावून सिनेमाची जाहिरात करायचा. "टायमावर या! मंग नोका म्हणू, सलीमनं सांगतलं नव्हतं!"

सलीमभाई माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या भोंग्यावर मी इथंच एक खवचट पोस्ट लिहिली होती. तुम्ही पोट धरून हसलात. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. माफी मागायला उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि मागच्या वर्षी तो गेला.

"काका, चार खेपा ऐकलं तुमी. बाकीचे अर्ध्यातच हेडफोन काढतात. काहून?" पोरीनं विचारलं.

"आवाज ओळखीचा हाय," एवढंच म्हटलं.

तिनं अभिप्रायाचा फॉर्म दिला. शेवटचा प्रश्न होता, 'प्रदर्शन तुमच्याशी बोललं का?'

मी लिहिलं, बोललं. मलाच उत्तर देता आलं नाही.

ती पोस्ट आत्ताच काढून टाकली. तुमच्यापैकी कोणाच्या फोनमध्ये सलीमभाईचा आणखी आवाज आहे का? मला शिव्या देतानाचा असला तरी चालेल.