शेंदराखालचे आकडे

आमच्या पांढुर्ण्याच्या घरामागच्या छपरीत परदेशी बनावटीची एक जुनी पिकअप गाडी उभी असे. सौंसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर कुण्या गोऱ्या साहेबाने ती वापरली होती आणि तो देश सोडून गेल्यावर कधीतरी वडिलांनी ती घेतली होती. तशी दुसरी गाडी त्या मुलखात कुणी पाहिलेली नव्हती. तिच्या हौद्यातून हंगामाप्रमाणे कापूस जाई, नाहीतर संत्री. उन्हाने तापलेला पत्रा, पेट्रोल आणि संत्र्याच्या सालीतून उडणारा झोंबरा तुषार, या तिन्हींचा मिळून जो वास होतो तो मी आजही डोळे मिटून ओळखीन.

मी शाळेत असताना गाडीने एकदा अंथरूण धरले. तेव्हा आईचे धाकटे भाऊ, सौंसरचे माझे मामा, तिला दुरुस्तीसाठी नागपूरला घेऊन गेले. गाडी परतली ती निराळा आवाज घेऊन. पूर्वी ती भरड दळणाऱ्या जात्यासारखी घरघरे, मधूनच खोकत असे. आता तिचा सूर पिंजलेल्या कापसासारखा मऊ झाला होता. हिरवट इंजिनावर करडा रंग चढला होता. वडील बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे आपलं इंजिन नव्हे."

मामांना त्यांनी काही विचारले नाही. विचारणे म्हणजे इंजिन बदलल्याचा आळ घेणे, असे त्यांचे मत होते; न विचारणे हा त्याहून मोठा आळ होता, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. शब्द सौंसरला पोचायचा तो पोचलाच. मामांचे येणे थांबले. भाऊबीजेला आई एकटीच बसने जाई आणि परतल्यावर तिकडचा विषय काढत नसे.

शंका फिटण्याचा मार्ग घरातच होता. बॉनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेल्या पितळी पाटीवर इंजिनाचा क्रमांक होता. तोच इंजिनाच्या अंगावरही एका सपाट जागी कोरलेला असायला हवा होता. पण ती जागा करड्या रंगाने बुजली होती. त्यातच दसऱ्याच्या पूजेला आईने जामसांवलीच्या मारुतीकडून आणलेला शेंदूर तेलात कालवून नेमका तिथेच लावला. इंजिनाला तेवढेच एक सपाट कपाळ होते. पुढे दर दसऱ्याला नवा थर चढत गेला. वडिलांनी एकदा पटाशी हातात घेतली तेव्हा आई आडवी आली. देवाचा शेंदूर खरवडत नाहीत, असे तिने सांगितले. त्या आडवे येण्यात देवभय किती होते आणि खाली दुसराच आकडा निघाला तर, हे भय किती, ते मला फार उशिरा उमगले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझे लग्न ठरले. आंबिया बहाराची संत्री पिवळी पडू लागली होती. नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा. माझ्या बाबतीत तो कोण, हे घरात कुणी उच्चारत नव्हते.

त्याच सुमारास नागपूरहून एक वृद्ध गृहस्थ आले. जुन्या गाड्या हुडकणे हा त्यांचा छंद होता आणि संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडून त्यांनी आमच्या गाडीची कीर्ती ऐकली होती. त्यांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, दारावर हात फिरवला आणि सहज विचारले, "इंजिन हिचंच आहे ना, भाऊसाहेब?"

वडील जमिनीकडे पाहू लागले. आई आत गेली. ती विषय टाळायला गेली असे मला वाटले. पण परतली ती कोमट तेलाची वाटी आणि जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन. दोन्ही तिने माझ्या हाती दिले.

"खरवडू नको. पूस," ती म्हणाली. "मामा तुहाच व्हय."

माझा हात इंजिन आणि पत्रा यांमधल्या अरुंद फटीत सहज शिरला. तेलाने शेंदूर हळूहळू विरघळू लागला; आधी केशरी, मग विटकरी, मग जुन्या रक्तचंदनासारखा काळपट. मागोमाग पाहुण्यांच्या सांगण्यावरून रॉकेल लावले तेव्हा करडा रंगही सुटला. दिसण्याआधी आकडे बोटांना लागले. मी एकेक चाचपून मोठ्याने म्हणू लागले. पाटीकडे पाहायची वडिलांना गरज नव्हती. तो क्रमांक त्यांना शुभंकरोतीसारखा पाठ होता. मधेच त्यांचा आवाज माझ्या आवाजाच्या पुढे गेला. "सात," ते म्हणाले, आणि माझ्या बोटाखाली साताची तिरपी मान आली.

आईने पदर तोंडाला लावला.

पाहुण्यांनी गाडी चालू करायला लावली, कान देऊन ऐकली. व्हॉल्व्ह नीट घासून बसवलेत, म्हणून घरघर गेली, असा त्यांनी निर्वाळा दिला. "यंत्र बरं होऊन आलं होतं तुमचं."

आजारपणाच्या आवाजालाच वडील तिचा आवाज समजत होते.

दुसऱ्या सकाळी त्यांनी हौद्यात संत्र्यांची टोपली ठेवली, अक्षता घेतल्या आणि आम्हा दोघींना बसवून गाडी सौंसरच्या रस्त्याला लावली. मामा फाटकाशीच उभे होते. गाडी वळणावर असतानाच त्यांनी ऐकली असावी. वडील उतरले. मामांनी त्यांच्याकडे न पाहता बॉनेटकडे मान कलती केली.

"टॅपेट वाजून राहिले, भाऊजी. कोणाले दाखवत नव्हते काय इतके दिवस?"

"दाखवू कोणाले," वडील म्हणाले. "तिच्या अंगाले हात लावणारा तं रुसून बसला होता."

"मी रुसलो होतो?"

"नाही. मीच." वडिलांनी बॉनेटवर हात ठेवला. "नंबर पाहिला काल. चुकलो मी."

मामा आत गेले. आई चपापली. पण ते पाने-पकडी घेऊन आले आणि बॉनेट उघडून वाकले. पुसलेल्या आकड्यांच्या शेजारी, जरा बाजूला, आईने पहाटेच शेंदराचा नवा टिळा लावला होता. मामांनी तो पाहिला, आकडेही पाहिले आणि हसून वडिलांपुढे पाना धरला. दोघे दुपारपर्यंत इंजिनावर वाकलेले होते. आम्ही ओसरीवर संत्री सोलत बसलो.

लग्नात मामांनी मला बोहल्यावर आणले. मंगलाष्टके चालू असताना त्यांचे हात माझ्या खांद्यांवर होते. हळद आणि अत्तर यांच्या आडून त्या हातांना पेट्रोलचा मंद वास येत होता.