साडूंचं उडतं इंजिन

ज्या वस्तूचे दोन भाग एकमेकांना घासतात अशी मराठवाड्यातली प्रत्येक वस्तू आमच्या साडूंनी निदान एकदा तरी तेल घालून पाहिलेली आहे. दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, छत्रीच्या काड्या, सायकलची घंटी, बैलांची शिंगं. एकदा त्यांनी भजनी मंडळाच्या पेटीलाही तेल दिलं. त्या दिवशी पेटीतून जो सूर बाहेर आला तो भैरवीपर्यंत आत गेलाच नाही. आमच्या जालन्याच्या घरी ते लग्नाची पत्रिका द्यायला आले असताना न्हाणीघराचं दार कुरकुरलं. साडू पत्रिका हातात तशीच ठेवून उठले, स्वयंपाकघरातून करडईच्या तेलाची बुधली घेऊन आले आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल पाजून, स्टुलावर चढून बैठकीतल्या पंख्यालाही पाजलं. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा कपाळावर तेलाचा एकेक थेंब घेऊन घरी जायचा. "तेलाला हात आखडू नये," हे त्यांचं आयुष्याचं सार. माणसांना लोणी लावणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून ते ना सरपंच झाले ना सोसायटीचे चेअरमन.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. उंची दारात न मावणारी, आवाज शिवारात न मावणारा, आणि स्वभाव असा की अडलेली वस्तू दिसली की पुढचं जग थांबलं पाहिजे. माझ्या लग्नात भटजी अक्षता वाटून बसले होते, नवरी पाटावर होती, आणि साडू मुदपाकात लोणच्याच्या बरणीचं झाकण काढत होते. त्यांची रीतही ठरलेली. अडण्याचं एकेक कारण घ्यायचं, तपासायचं आणि मोठ्यानं 'बाद' म्हणायचं. "गरम पाणी, बाद. उलटं फिरवलं, बाद. जावईबापू, जरा दम धरा." मुहूर्त टळता टळता झाकण निघालं, आणि माझं लग्न त्या झाकणाच्या कृपेनं वेळेवर लागलं असं ते अजून लोकांना सांगतात.

अशा माणसानं साठीच्या उंबरठ्यावर उडायचं यंत्र का घ्यावं, हे मात्र सांगायला हवं. त्यांचं गाव धरणात गेलेलं आहे. वाटूर फाट्यावरून मंठ्याकडे जाताना आत जे नवं, आखीवरेखीव, बाभळी नसलेलं गाव दिसतं, ते पुनर्वसनाचं. जुनं गाव पाण्याखाली. ज्या वर्षी पाणी खूप उतरतं त्या वर्षी उन्हाळ्यात ते वर येतं, म्हणजे काय येतं, तर दगडांचे ढीग. घरं सोडताना लोकांनी लाकूडफाटा, चौकटी, चांगले दगड काढून नेलेले, त्यामुळे उरलेले ढीग सगळे भावाभावांसारखे. मग नव्या गावातली म्हातारी मंडळी तिथं जातात आणि कुणाचं घर कुठलं यावरून भांडतात. साडू या भांडणातले आघाडीचे. एकाच ढिगावर तिघं तिघं हक्क सांगतात. एका वर्षी साडूंनी आपलं म्हणून ज्या ढिगावर बसून डबा खाल्ला, तो शाळेची मुतारी निघाला. आक्का ज्या घरात नवरी म्हणून आल्या, ज्या घरात त्यांची दोन्ही मुलं झाली, ते घर नेमकं कुठं होतं हे आपल्याला दाखवता येत नाही, याची बोच साडूंना त्या दिवशी जी लागली ती गेली नाही. मोबाइलमधल्या नकाशात तिथं नुसतं निळं पाणी. मी म्हटलं, ड्रोन उडवणारा कुणी गाठू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सत्यनारायणाला दुसऱ्याला बसवायला सांगत होतो.

"ड्रोननं फोटू येईल, पाव्हणं," ते म्हणाले. "घरी फोटूनं जात न्हाईत. मला जायचं हाये."

मग ते पुण्याकडच्या डोंगरात जाऊन रीतसर उडायला शिकून आले आणि जत्रांमधून जाहिरातीचं कापड बांधून उडणाऱ्या एका माणसाकडून त्याचं जुनं यंत्र घेऊन आले. यंत्र म्हणजे पाठीवर बांधायचं इंजिन, त्याच्यामागे पंखा, पंख्याभोवती जाळी, आणि डोक्यावर उघडणारा कापडाचा लांबलचक पंख. शेतावरच्या फवारणीच्या पंपासारखं हेही दोरी ओढून चालू करायचं. हिवाळ्यात धरण भरलेलं होतं, वर जाऊन पाणीच दिसलं असतं, म्हणून साडू रोज सकाळी खळ्यावर ते नुसतं चालू करून ठेवत. इंजिनाची सवय राहावी म्हणून. त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. विकणाऱ्यानं माप दिलं होतं. साडू ते माप घालत आणि वर एक पळी आपल्याकडून. पुरणपोळीवर तूप वाढताना पाहुण्यानं नको म्हटलं तरी घालतात, तशी. त्या पळीचा धूर इतका व्हायचा की शेजारच्या वस्तीवरचे लोक विझवायला घागरी घेऊन आले होते.

संक्रांतीला दोरी नीट यायची. होळीला जड झाली. पाडव्याला तिनं यायचं बंद केलं, आणि नेमकं तेव्हाच धरणाच्या पाण्यातून ते ढीग वर यायला लागले. पाणी दर वर्षी एवढं उतरत नाही. शिवाय ते ओझं पाठीवर घेऊन पळायला पुढच्या वर्षी गुडघे हो म्हणतील का, हे साडूंनाही माहीत नव्हतं. मृग लागला की पाणी पुन्हा चढणार. एवढ्या दिवसांत ते इंजिन चालू व्हायला हवं होतं, नाहीतर ते घर पुन्हा पाण्याखाली जाणार होतं, आणि बहुधा कायमचं.

साडू कंबर कसून उभे राहिले. प्लग बदलला. बाद. पेट्रोल जुनं झालं असेल म्हणून ताजं आणलं. बाद. कार्बुरेटर उघडून, धुऊन, परत बसवला, आणि बसवल्यावर ताटात एक स्क्रू उरला, म्हणून पुन्हा उघडला. बाद. दोरीची पेटी उघडली, स्प्रिंग उडून गोठ्यात गेली, ती म्हशीच्या पायाखाली सापडली. तीही बाद. मी रविवारी गेलो की मलाही दोरी ओढायला लावत. मी कचेरीतला माणूस. मी ओढल्यावर दोरी हातभर माझ्याकडे आली आणि मग उरलेलं अंतर मी तिच्याकडे गेलो. गावातल्या एका पैलवानानं मातीला हात लावून, पाया पडून ओढली, तेव्हा दोरी तशीच राहिली आणि मूठ त्याच्या हातात आली. येईल त्यानं आपापला उपाय सांगितला. कुणी म्हणालं दृष्ट काढा, कुणी म्हणालं उन्हात ठेवा, कुणी म्हणालं सावलीत ठेवा. साडूंनी दृष्टसुद्धा काढून पाहिली आणि मिरच्या जळून झाल्यावर इमानदारीनं 'बाद' म्हणाले. प्रत्येक ओढीआधी ते पंख्यासमोरच्या लोकांना हाताला धरून बाजूला करत, इतक्या गंभीरपणे, जणू आता ते चालू होणारच आहे. मला त्यांचं हेच पाहवत नव्हतं. एकदा मी म्हणालोही, की आता सोडा. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की जड दोरी चांगली की ढिली? मी म्हटलं, काय माहीत. ते म्हणाले, "जड हाये म्हंजी आत जीव हाये. आपल्याला वाट सापडून न्हाई राह्यली, एवढंच." आणि पुन्हा प्लग काढायला बसले.

वैशाख सरत आला होता. त्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि आक्कांचा कुकर रुसला होता. शिट्टी नाही, वाफ नाही. तो बराच वेळ गार होऊ दिला तरी झाकण हलेना. आक्कांनी पोती शिवायचा दाभण आणला, शिट्टी उचलली आणि खालचं भोक टोकरलं. तुरीच्या डाळीचा गोळा निघाला, फुस्स झालं आणि झाकण आपोआप सुटल्यासारखं निघालं.

"बारीक भोक बुजलं की सगळा दाब आतच बसतो," आक्का सहज म्हणाल्या. "मंग कितीबी जोर लावा."

साडूंचा घास हातातच राहिला. ते आक्कांकडे नाही, कुकरकडे नाही, दाभणाकडे पाहत होते. मग दाभण घेऊन उष्ट्या हातानंच खळ्यावर गेले. मी भाकरी गुंडाळून मागे. त्यांनी इंजिनाचा सायलेन्सर खोलला, बॅटरीचा उजेड पाडला आणि मला आत बघायला लावलं. सिलिंडरच्या भिंतीत, धूर बाहेर जायच्या वाटेशेजारी, एक काळा ठिपका होता. मला तो नुसता काजळीचा डाग वाटला. साडूंनी विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, हो, ते भोकच आहे, दोरी ओढताना थोडा दाब तिथून सुटतो म्हणून ओढ हलकी राहते. काजळीनं बुजतं ते कधीमधी. पण इतक्या लवकर कसं बुजलं? तुम्ही तेल किती घालता?

साडूंनी जन्मात पहिल्यांदा एका प्रश्नाला बगल दिली. "रेंज न्हाई इथं," म्हणाले आणि फोन ठेवला.

काजळी काढायला संध्याकाळ झाली. कण आत पडू नये म्हणून ते श्वास रोखून, दाभणाच्या टोकावर एकेक कण उचलत होते. मग पेट्रोल कालवायची वेळ आली. मापानं तेल घातलं. पळी हातात तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं, आणि पळी खाली ठेवली. "उपाशी ठेवल्यावाणी वाटतंय," ते पुटपुटले. मग आम्हाला हाताला धरून बाजूला केलं, एका हातानं सांगाडा दाबून धरला, दोरी हळूच अडेपर्यंत घेतली आणि ओढली. ती लोण्यातून सुरी यावी तशी आली, आणि इंजिन बोललं. आक्कांनी पदर तोंडाला लावला. धूर जवळजवळ नव्हताच. मला, का कोण जाणे, हुंदका आला, आणि तो इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू आला नाही याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. उजाडता उजाडता, वारा पडलेला असताना, साडू ज्वारीच्या मोकळ्या रानातून पळाले, एकदा अडखळले, आणि उचलले गेले. एवढा मोठा माणूस बघता बघता घारीएवढा झाला आणि धरणाकडे गेला. आक्का रानात उभ्याच्या उभ्या. बसा म्हटलं तर बसेनात. त्या कधी देवाचं नाव घेत होत्या, कधी त्यांचं. बऱ्याच वेळानं ते परत आले, गुडघ्यावर उतरले आणि तसेच बसून राहिले. हेल्मेटही काढेनात.

"सापडलं," ते म्हणाले. "वरून गल्ल्या बराबर दिसून राह्यल्या. मारुतीचा पार, वळण, अन् आपलं घर. बिलकुल आपलंच." मग हेल्मेट काढत म्हणाले, "आपल्या वसरीत कुनीतरी टरबुजं लावलीत."

पाणी उतरलं की धरणाच्या ओल्या गाळात लोक पिकं घेतात, त्यातलाच कुणीतरी असणार. मला वाटलं, आता साडू भडकणार. पण आक्कांनीच विचारलं, पाणी कुठून देतात त्यांना?

"आपल्या आडावर मोटार टाकलीय."

"आड जित्ता हाये मंग," आक्का म्हणाल्या, आणि तिथंच खाली बसल्या.

दुपारी आम्ही तिघं पायी गेलो. या वेळी साडू कुठं थांबले नाहीत, कुणाशी भांडले नाहीत. ढिगांमधून सरळ चालत गेले आणि एका चौकोनी जोत्यापाशी उभे राहिले. आत वेल पसरलेले होते. पलीकडून कुठल्याशा दुसऱ्या गावचा एक शेतकरी डोक्याला टॉवेल गुंडाळून आला. आम्हाला ऊन लागलेलं पाहून म्हणाला, "या पाव्हणं, बसा." त्यानं पोतं अंथरलं आणि टरबूज फोडलं. साडू आपल्याच ओसरीत पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी फक्त टरबूज गोड आहे म्हणून सांगितलं, आणि वेलांना पाणी संध्याकाळी देत चला, असं सुचवलं. आक्कांनी आडाचं पाणी ओंजळीनं पिऊन, चेहरा धुऊन, ओला पदर तसाच राहू दिला.

निघताना साडू पुढे होते. जोत्यावरून उतरताना, जिथं दोन मोठे दगड जरा अंतर ठेवून पडले होते, तिथं मोकळ्या आभाळाखाली त्यांनी मान खाली घातली, कमरेत वाकले आणि मग पलीकडे जाऊन सरळ झाले. मी विचारलं, काय झालं?

"चौकट लागती डोक्याला," ते म्हणाले, आणि चालू लागले.

त्यांच्यामागून आक्का गेल्या. मग मी गेलो. मीही वाकलो.