उतारावरचा डबा

महाराष्ट्र नवाच झाला होता. चिखलीहून देऊळगाव राजाला जाणारी एस.टी. यायच्या सुमारास एक माणूस आमच्या फाट्याअलीकडच्या उतारावर, भर रस्त्यात घासलेटचा रिकामा डबा ठेवायचा. कानावर बिडी, हात मागे बांधलेले. मी शाळामास्तर, रोज फाट्यावरून त्याच गाडीत बसणारा. पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. डबा उडवून गाडी फाट्यावर थांबली, की तो डबा कुठवर गेला ते बघून यायचा. गाडीच्या वेगाचा आकडा त्यानं कधी सांगितला नाही, त्या वेगामागचं कारण मात्र सांगायचा. डबा नाल्यात गेला, तर ‘शनिवार हाय. डायवर घरी जाऊन राह्यला.’ बाभळीपाशीच राहिला, तर ‘बायकोसंग भांडला. घरी जायची घाई नाही त्याले.’ ड्रायव्हर खिडकीतून शिव्या घालायचा, पण डबा कधी चुकवायचा नाही.

एका संध्याकाळी डबा नुसताच कलंडला. त्यानं जाऊन तो बघितला. मग म्हणाला, ‘बदली झाली याची. आज शेवटची फेरी हाय.’

फाट्यावर उभे असलेले आम्ही हसलो. तेवढ्यात ड्रायव्हर खाली उतरला, मागे चालत गेला आणि डबा उचलून त्यानं पुन्हा जागेवर उभा केला.

‘नवा डायवर लय जोरात हाकलते,’ ड्रायव्हर त्याला म्हणाला. ‘उद्यापासून डबा नाल्यापल्याड पाहजा.’