जवसाचं तेल

माझ्या हुशारीबद्दल आयुष्यात एकदाच मला चारचौघांत शाबासकी मिळाली, आणि तिची आठवण आली की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

मी चांद्याजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर फिटर होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गोरा साहेब गेला, देशी साहेब आला आणि बंगल्यामागचा पोहण्याचा हौद त्याला आयता मिळाला. हौदाचं पाणी पंपानं ओढून वाळू भरलेल्या लोखंडी पिंपातून गाळलं जायचं. त्या फिल्टरच्या तोंडाशी पालापाचोळा अडवायला जाळी होती आणि जाळीवर आट्यांचं पितळी झाकण. आठवड्यातून एकदा झाकण फिरवून काढायचं, जाळी झटकायची, पुन्हा लावायचं. हे काम हौदाच्या राखणदाराचं.

राखणदार आरमोरीकडचा ढिवर, पन्नाशीचा. गावच्या तलावात मासे धरण्यात निम्मा जन्म गेला, आणि इथं साहेबाच्या पाण्यातली सागाची पानं धरत बसायचा. मी त्याला विचारायचो, "भाऊ, आज किती घावले?" तो म्हणायचा, "दोन टोपले. सारे बिनकाट्याचे." बंगल्याच्या आवारात त्याला एक खोली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

थंडीत हौद बंद असायचा. बंद करताना आट्यांना ग्रीस लावून ठेवणं हे माझं काम. त्या दिवाळीत मी ग्रीसचा डबा विसरलो. स्टोअर मैलभर लांब, आणि आळस तर माझ्या हाडात मुरलेला. राखणदाराच्या बायकोला म्हटलं, "बाई, वाटीभर तेल द्या." तिनं घरातलं दिलं, भाजीला घालायचं जवसाचं. तेल ते तेल, म्हणत मी ते आट्यांना चोपडलं, झाकण घट्ट आवळलं आणि रिकामी वाटी हत्यारांच्या पिशवीत टाकून विसरून गेलो.

जवसाचं तेल वाळलं की डिंकासारखं धरतं. कढईच्या काठाला त्याची कीट बसते ती घासून घासून निघत नाही. आमच्याकडच्या कुठल्याही चुलीपाशी हे माहीत असतं. मलाच तेवढं त्या दिवशी आठवलं नाही.

होळीनंतर साहेबाकडे पाहुणे यायचे होते. पंप सुरू करायला गेले तर झाकण हलेना. राखणदारानं हातानं जोर लावला, मग फडकं धरून, शेवटी घाबरून छिन्नी लावून दोन-चार हातोडे हाणले. कडेला चेपे पडले. दोन फिटर येऊन पान्ह्याला पाईप घालून लोंबकळून गेले. साहेबानं ते चेपे बघितले आणि निकाल देऊन टाकला, "यानंच ठोकून बसवलंय. झाकण निघो न निघो, या माणसाला काढा."

मग मला बोलावलं. मी वाकून बघितलं तर आट्यांच्या फटीत पिवळा, चकचकीत पापुद्रा. माझंच जवसाचं तेल. साहेब, चूक माझी आहे. चारच शब्द होते. पण त्याच महिन्यात मला कायम करणार होते, आणि जीभ काही उचलली नाही. पान्हा काढायला पिशवीत हात घातला तर वाटी हाताला लागली. ती मी चिंध्यांखाली सारली.

"बाई, पाणी उकळा. त्यात कपडे धुवायचा सोडा टाका," एवढंच बोललो. तिनं पातेलं आणून ठेवलं. तासभर मी त्या पाण्यात चिंध्या भिजवून झाकणाभोवती गुंडाळत राहिलो. मग पान्हा लावला, आधी जरासा आवळायच्या बाजूनं, मग उलटा. करकर वाजलं आणि झाकण सुटलं.

साहेबानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "याला म्हणतात डोकं!" डोकं कसलं? कुलूप मीच घातलं होतं. राखणदाराला वाटलं, झाकण निघालं म्हणजे नोकरी वाचली. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "मिस्त्री, तुमी वाचवलं जी मले." हातोड्याचे चेपे त्याचे होते, हे मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. त्यानं काही भागलं नाही.

साहेबानं शब्द बदलला नाही. तिसऱ्या दिवशी खोलीपुढे बंडी उभी राहिली. मी कामावरून थेट तिकडे गेलो, आज सांगायचंच असं ठरवून.

"भाऊ, आता कसं करणार?"

"कसं म्हंजे? तलाव हाये ना गावी. तुमी काऊन तोंड पाडून राह्यले?"

त्याची बायको बंडीत भांडी रचत होती. ती मध्येच थांबली. "मिस्त्री, आमची वाटी तुमच्यापाशीच राह्यली नाई का?"

मी खांद्यावरची पिशवी उतरवली. वाटी काढली. तळाला तेल वाळून पिवळं, कडक बसलेलं होतं. राखणदारानं वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग तो बैलांच्या दाव्याशी उगाच काहीतरी करू लागला.

"घासून आणून देतो, बाई," मी म्हणालो.

तिनं वाटी माझ्या हातातून घेतली. "राहू द्या. सोड्याच्या पाण्यानं निघते ते. तुमाले तं मालूमच हाये."

बंडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी तिथंच उभा होतो. ते चार शब्द तेव्हाही तोंडातून निघाले नाहीत. पुढच्या आठवड्यात मी कायम झालो.