बिनबटणाची बाही

आमच्या भागात शेतात काम करणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. उन्हापासून, धुळीपासून आणि मक्याच्या धारदार पानांपासून हात वाचतात. बहुतेकींचा शर्ट नवऱ्याचाच असतो. आमच्याकडे मात्र सुगीला शर्ट मी द्यायचे. नवऱ्याचे जुने शर्ट वर्षभर साठवायचे, धुवायचे आणि मळणीच्या दिवशी सकाळी ओट्यावर ढीग ठेवायचे. गावात याचं थोडं कौतुक व्हायचं. ते मला आवडायचं.

देण्याआधी मी कफांची बटणं कापून घ्यायचे. नवरा बाह्या कायम दुमडून घालतो, त्यामुळे शर्ट विटला तरी कफांची बटणं नवीच्या नवी राहतात. ती बिस्किटांच्या डब्यात जमा करायची आणि त्याच्या चालू शर्टांना लावायची. पुढची बटणं मी काढत नसे, कारण ती बायकांना लागतात. शेतात कफ कोण लावत बसतं, असा माझा हिशेब होता.

यंदा दिवाळीनंतर मक्याची मळणी होती. आमच्याकडे मळणीच्या यंत्राला हडंबा म्हणतात. तो ट्रॅक्टरला जोडून गावोगाव भाड्याने फिरवणारा हडंबावाला सकाळीच आला होता आणि निघायची घाई करत होता, कारण त्याला त्याच दिवशी दुसरं शेत उरकायचं होतं. ओट्यावर बायकांची शर्टांसाठी झोंबाझोंबी चालली होती. एकीने पांढरा शर्ट चढवला आणि म्हणाली, "आता मला सरपंच म्हना."

"सरपंचबाई, घमेलं उचला आधी," दुसरी म्हणाली.

माझ्याच वयाची एक बाई आहे, शेजारच्या वस्तीवरची. काढलेल्या कांद्याची पात कापायला बसली की तिच्या विळ्याशी कुणाची बरोबरी होत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तिला चार ठिकाणांहून बोलावणं येतं. तिच्या वाट्याला निळ्या रेघांचा शर्ट आला. तिने हात पुढे करून दाखवला. बाही बोटांच्याही खाली लोंबत होती.

"वहिनी, याला बटन नाय."

"दुमडून घे," मी म्हणाले.

"मला लांब व्हतंय, सारखं उलगडंल."

"अगं, दुमड दोनदा. तो बघ, ट्रॅक्टर चालू झाला."

बटणाचा डबा आत फडताळात होता. सुईदोरा त्यातच होता.

यंत्राच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. ती हडंबावाल्याने काढून ट्रॉलीत टाकली होती, कारण जाळीत भुसकट अडकतं आणि सारखं थांबून साफ करावं लागतं. ते मला दिसलं होतं, नवऱ्यालाही दिसलं होतं. आम्ही काही बोललो नाही. काम लवकर होणार होतं.

दुपारच्या जेवणाआधी तिची बाही उलगडली. ती कणसांचं घमेलं ओतायला वाकली, कफ पट्ट्यात गेला आणि पट्ट्याने हात ओढला. ती ओरडली ते यंत्राच्या आवाजात ऐकूच आलं नाही. पांढऱ्या शर्टवालीने हात हलवून ट्रॅक्टर बंद करायला लावला. आम्ही तिला गाडीत घालून नाशिकला नेलं. उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत. अंगठा राहिला, पण तो वळत नाही. त्या हातात विळा धरता येणार नाही, हे त्यांनी तिथेच सांगितलं.

घरी येऊन मी भाच्याला फोन केला. तो नाशिकला वकिली करतो.

"मावशी, यंत्रावर कामाला लावलं की जबाबदारी कामाला लावणाऱ्याची," तो म्हणाला. "जाळी काढली होती म्हणजे यंत्रवाल्याचीही. आता मजुराचाच हलगर्जीपणा होता असं तुम्ही म्हणालात, तर तिला भांडत बसावं लागेल. तिची चूक होती का?"

"बघते," म्हणून मी फोन ठेवला. बघण्यासारखं काही नव्हतं. निळ्या रेघांच्या शर्टाची दोन बटणं डब्यात अगदी वर पडलेली होती.

ती दवाखान्यातून सुटून आल्यावर हडंबावाल्याने आमच्या ओट्यावर बैठक बसवली. तो, माझा नवरा, ती आणि तिचा नवरा. मी चहा दिला. तिने कप डाव्या हाताने घेतला आणि थोडा बशीत सांडला.

हडंबावाला गोड बोलतो. "हे बघ ताई, दवाखान्याचं आम्ही बघितलं. माणुसकी हाय आपल्यात. पण उद्या कोणी तुझे कान भरंल, कोर्टात जा म्हनंल. तर आत्ताच चार माणसांत बोलून टाक, चूक कोणाची?"

"बाही उलगडली," तिचा नवरा म्हणाला. "हिला हजारदा सांगितलं, कामात ध्यान ठेव."

"माझीच चूक," ती म्हणाली. "नीट दुमडली नाय मी."

माझ्या नवऱ्याने मान हलवली. त्याला बरं वाटलेलं मला दिसलं. मलाही बरं वाटलं. विषय संपला होता आणि कुणी जाळीचं नावही काढलं नव्हतं. मी रिकामे कप उचलले आणि आत निघाले. दारापर्यंत गेले. तेवढं अंतर मी ते बरं वाटणं अंगावर घेऊन चालले, याची मला अजून शरम वाटते.

मग मी वळून म्हणाले, "बाहीला बटण नव्हतं. मी कापून घेतलं होतं. हिने मागितलं, तेव्हा मी दिलं नाही."

हडंबावाला हसला. "वहिनी, एका बटणानं काय होतंय?"

"मग एका बाहीने काय होतं? आणि पट्ट्यावरची जाळी कुठे होती?"

"तुला कोणी विचारलं?" नवरा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण इतक्या वर्षांत त्याने मला असं लोकांसमोर म्हटलं नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती. माझी अपेक्षा होती की तिचा चेहरा जरा सैल होईल. तसं झालं नाही.

"मंग वहिनी, त्या दिवशी दुमडून घे का म्हणल्या?"

"घाईत होते."

"हां. घाई तर समद्यांनाच व्हती." तिने कप खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं का? दवाखान्यापासून मला बोल लावताय." दोघं उठून गेली.

भाचा आमचा, म्हणून त्याने तिला दुसरा वकील गाठून दिला. दावा माझ्या नवऱ्यावर आणि हडंबावाल्यावर आहे. बटणाचं आणि जाळीचं मी तिथेही सांगणार आहे. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. हडंबावाल्याने जाळी बसवल्याचं ऐकलं, पण आमच्या शिवारात तो आता येत नाही.

उन्हाळी कांदा काढायला बायका आल्या तेव्हा मी पुन्हा ओट्यावर शर्ट ठेवले. या वेळी प्रत्येक कफाला बटण होतं, दुहेरी दोऱ्याने लावलेलं. तीही आली होती. विळा तिच्या हातात नव्हता. बाकीच्या कांदे कापत जाणार आणि ती ते डाव्या हाताने गोळा करून क्रेटमध्ये भरणार होती. मी तिच्यापुढे शर्ट धरला.

"नको," ती म्हणाली आणि पदर कमरेला खोचून वावरात उतरली.

बाकीच्यांनी शर्ट घेतले. या वेळी कुणी सरपंच झालं नाही. एकेकीने बाही चढवली, कफाचं बटण लावलं आणि माझ्यासमोरच ते दोन बोटांत धरून ओढून बघितलं. मी तिथेच उभी होते. शेवटचीने बघून होईपर्यंत मला आत जाता आलं नाही.