हात खाली, गोष्ट बंद

"मॅडम, आपका कंधा जम गया है," डॉक्टर म्हणाले.

मे महिन्याची दुपार होती. विजय नगरमधल्या त्या दवाखान्याबाहेर स्कूटरच्या सीटवर पोळी भाजून निघाली असती अशी लू चालली होती, आणि अख्ख्या जबलपुरात गोठलेली वस्तू एकच होती, माझा उजवा खांदा. मी हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर लिहिलं, 'फ्रोजन शोल्डर', आणि त्याखाली त्याचं पाळण्यातलं नाव, 'अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस'.

हाच कागद पुढेमागे ज्यांच्या हातात पडणार आहे त्यांच्यासाठी सांगते. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते. ती सुजते, जाड होते आणि आटते. धुऊन आटलेल्या ब्लाउजात हात घालून पाहा, म्हणजे समजेल. मधुमेह असला की हे जास्त होतं. मला पाच वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. मी तरी ते वाटून घेतलं.

सुरुवात फेब्रुवारीत झाली होती. मी शाळेत भूगोल शिकवते. भारताचा नकाशा खिळ्यावर टांगायला गेले आणि हात कानाच्या वर जाईना. नकाशा तिरपा लटकला, आणि त्या तासाला आमची नर्मदा डोंगर चढत होती. आठवीच्या मुलांना हे फार आवडलं. मला वाटलं, उसण भरली असेल. मग वरच्या फळीवरचा कुकर काढता येईना. मग पाठीमागचे हुक लागेनात. आणि एप्रिलात एका सकाळी मला माझा अंबाडा बांधता आला नाही.

अंबाड्याला दोन्ही हात डोक्यामागे लागतात. एका हातानं करून पाहा. माझे केस कमरेपर्यंत आहेत, आणि बाकी देह कुठेही पसरो, केसांबाबत माझा अहंकार जागच्या जागी आहे. मगच मी डॉक्टरकडे गेले. एक्स-रे झाला, रक्त झालं, बाहेरच्या बाकावर दोन दिवस काढले. एक्स-रे स्वच्छ निघाला. दुखतंय मात्र खरं, असा हा आजार.

मी विचारलं, "ऑपरेशन नहीं होगा क्या?"

"ज़रूरत ही नहीं. दर्द की गोली मैं दूँगा, कंधा आपको खुद खोलना पड़ेगा. एक्सरसाइज़, दिन में दो बार, रोज़. साल भर भी लग सकता है."

मी खचले. ऑपरेशन एकदाच होतं, लोक सफरचंदं घेऊन भेटायला येतात. व्यायामाला कोण येतं?

"और नहीं किया तो?"

"तो बेहोश करके हाथ घुमाना पड़ सकता है." याला 'मॅनिप्युलेशन अंडर अ‍ॅनेस्थेशिया' म्हणतात. म्हणजे आपल्याला भूल द्यायची आणि आपला हात दुसऱ्यानं पिरगळायचा. मी झोपणार आणि व्यायाम डॉक्टर करणार, ही योजना मला मनापासून आवडली. ते त्यांच्या लक्षात आलं. "शौक से नहीं करते, मैडम. हड्डी भी टूट सकती है."

घरी माझी वेणी घालायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे संरक्षण खात्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी तीन पेड मोजून सारखे केले, वेणी घातली आणि शेवटी दोन्ही हातांनी खेचून तपासली. "नाही सुटत," म्हणाले. माझ्या भुवया कपाळाच्या मध्यावर गेल्या होत्या. बंगळूरहून लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, कापून टाक ना केस. इट्स ओके." मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की दिवाळीपर्यंत माझा अंबाडा मी बांधला नाही, तर माझ्या हातानं केस कापीन. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हात वर जाईल तर कापशील न?"

फिजिओथेरपिस्ट अनुजा ही माहेरची साताऱ्याची, लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी इथे जबलपुरात चेरीतालला आलेली. तिनं तीन व्यायाम दिले. पहिला, वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. दुसरा, पाठीमागे टॉवेल धरून वर ओढायचा, अंग पुसल्यासारखा. तिसरा, भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, कोळ्यासारखी. आधी गरम पाण्याची पिशवी. थोडं दुखेल, असह्य दुखलं तर थांबायचं.

पहिले तीन दिवस मी असा व्यायाम केला की बघणाऱ्यानं टाळ्या वाजवाव्या. चटई आणली, ट्रॅकपँट आणली, दाराला दोरी-कप्पी लावून घेतली. चौथ्या दिवशी कामवाली आली नाही. पाचव्या दिवशी पाहुणे आले. सहाव्या दिवशी कोणीच आलं नाही, आणि मला दुसरं कारण शोधावं लागलं. गजर लावला, तर तो बंद करण्यात माझा डावा हात फार तरबेज झाला. कुणी म्हणालं, गाणी लावा. गाणी ऐकत मी पडून राहायची. कुणी म्हणालं, मनाशी ठरवा. ठरवायला माझी कधीच ना नव्हती.

ह्यांनी फ्रिजवर तक्ता लावला. त्यावर 'पहिली पाळी' आणि 'दुसरी पाळी' असे रकाने. भिंतीवर माझी बोटं पोचतील तिथे मी रोज पेन्सिलीची रेघ ओढायची, रेघेपुढे तारीख. मी रकान्यांत खुणा करत गेले आणि रेघा वर चढत गेल्या. हे रोज संध्याकाळी बागेत आपल्या मित्रांना रेघांचा हिशेब सांगून येऊ लागले.

जूनच्या शेवटी आम्ही अनुजाकडे गेलो. तिनं विचारलं, "व्यायाम चालू आहे ना, काकू?"

"करून राहिली न मी," मी म्हणाले.

आमच्याकडे याचा अर्थ सरळ आहे, करते आहे. अनुजा थबकली. "करून राहिलात, की करायचा राहिला? साताऱ्याला 'राहिला' म्हणजे झालाच नाही."

ह्यांनी मोबाईल काढून भिंतीचा फोटो दाखवला. "पाहा न, वीतभर वर गेली रेघ." माझ्यापेक्षा त्यांनाच आनंद झाला होता.

मग तिनं गोनिओमीटर काढला. कंपासपेटीतला कोनमापक आणि दोन पट्ट्या, असं ते उपकरण असतं. हात खाली सोडला की शून्य, कानाला लागला की एकशेऐंशी. मे महिन्यात माझा कोन पंच्याऐंशी होता. तिनं मापलं. पंच्याऐंशी. पुन्हा मापलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "भिंतीपाशी टाचा उचलत होता का?"

मी भूगोलाची बाई. कोनमापकापुढे खोटं बोलण्याइतकी मी अजून घसरलेली नाही. हो म्हणाले. ह्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

घरी आल्यावर त्यांनी रबर घेतलं आणि रेघा पुसायला लागले, वरून खाली, एकेक. मी म्हणाले, "अहो, राहू द्या न." तर म्हणाले, "मी लोकांना सांगून राहिलो होतो." एवढंच. ते रागावले असते तर मी त्यांना पुरून उरले असते. ते नुसते पुसत राहिले, आणि मला माझी खरोखर लाज वाटली. खालची, मे महिन्यातली एक रेघ त्यांनी ठेवली.

पुढच्या खेपेला मी अनुजाला खरं सांगितलं. दुखतं म्हणून नाही, मला कंटाळा येतो. भिंतीकडे तोंड करून गप्प उभं राहणं ही शाळेतली शिक्षा आहे, आणि मी ती तीस वर्षं दुसऱ्यांना देत आले आहे.

ती म्हणाली, "मन लागायची वाट बघू नका, ते लागत नाही. तुम्हाला कधीच कशाचा कंटाळा येत नाही, अशी एखादी गोष्ट आहे का?"

माझ्याआधी हे म्हणाले, "बोलण्याचा."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून भिंतीपाशी ठेवलं आणि हातात कंगवा घेऊन बसले. "चल, सांग. काल शाळेत काय झालं?" मी दचकले. एकतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला प्रथमच विचारला जात होता. मी बोटं भिंतीवर ठेवली आणि स्टाफरूममधून एका मॅडमचा डबा कसा गायब झाला ते सांगायला घेतलं. ऐन रंगात आले तसा खांदा ठणकला आणि हात खाली आला. हे उठले.

"काहून उठले? डबा सापडायचाय अजून."

"हात खाली, गोष्ट बंद," ते म्हणाले आणि वेणी न घालताच आत गेले.

तुम्हाला हा छळ वाटणार नाही. ज्याला अर्धी गोष्ट पोटात घेऊन आठ तास शाळेत काढावे लागले आहेत, त्यालाच विचारा. संध्याकाळी मी आपणहून भिंतीपाशी गेले आणि हाक मारली, "या इकडे, डबा सापडला."

तेव्हापासून दिवसातून दोन प्रयोग. टाचा जमिनीवर, यावर ह्यांची नजर. शाळेत काही घडलं नाही तर मी पदरचं घालायची. प्रिन्सिपल सरांच्या घरात मी एक माकड सोडलं आणि ते नऊ दिवस पुरवलं. ह्यांनी एकदाच विचारलं, "हे खरं आहे?" मी म्हणाले, "कोन मापा."

जुलैअखेर शंभर. ऑगस्टात एकशेदहा, मग महिनाभर तिथेच. या अडकण्याला घाबरू नका, सगळ्यांचं अडकतं. मी दोनदा रडले आणि एकदा कप्पीला लाथ मारली. सप्टेंबरात एकशेपंचवीस. दसऱ्यानंतर भारताचा नकाशा मी स्वतः टांगला, आणि नर्मदा सरळ वाहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळी न्हाऊन आले, दात आवळले आणि अंबाडा बांधला. तो डाव्या कानाकडे कलंडला होता. लेकीला व्हिडिओवर दाखवला. ती म्हणाली, "वाकडा आहे, आई." पण होता.

पाडव्यानंतर अनुजानं मापलं. एकशेपंचावन्न. भूल देण्याचा विषय तिनं फाईलमधून काट मारून काढला. "आता दोनदा नको, काकू, एकदा पुरे. बंद मात्र नका करू." तिचे मी हात धरले. दारापर्यंत येऊन तिनं विचारलं, "मग आज संध्याकाळी काय करून राहिल्या?" आणि जीभ चावली.

दुसऱ्या सकाळी मी आरशासमोर अंबाडा बांधला, बऱ्यापैकी सरळ. मागे वळले तर हे दारात कंगवा घेऊन उभे. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, कंगव्याकडे पाहिलं, कंगवा सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"चलो, जमलं तुला," म्हणाले. "मग स्टूल ठेवून देऊ?"

मी भिंतीपाशी गेले. टाचा टेकवल्या. मे महिन्यातल्या रेघेवर बोटं ठेवली आणि चढायला लागले.

"बसा," मी म्हणाले. "माकडाची राहिली आहे."